एक्केचाळिसावा चेहरा

सव्वीस वर्षं मी इतिहास शिकवतो आहे आणि या सव्वीस वर्षांत मी शिकवलेलं मुलांच्या डोक्यात राहिलं, असा एकही पुरावा माझ्या हाती लागलेला नाही. मी जीव तोडून लढाया लढवल्या, तह केले, राज्यं बुडवली. पेपरात मात्र मुलांनी जिंकणाऱ्याला हरवलं आणि मेलेल्याला पुढच्याच प्रश्नात गादीवर बसवलं. मला त्याची सवय झाली होती. पुढे पुढे तर आपलं कुणी ऐकत नाही या भरवशावरच माणूस शिकवायला लागतो. त्यामुळे यंदा मी सांगितलेली एक गोष्ट आठवीच्या एक्केचाळीस मुलांनी तंतोतंत पाळली, तेव्हा मी पुरता गाफील होतो.

मुळात तो तास माझा नव्हताच. ‘तंत्रज्ञानाचा जबाबदार वापर’ असा एक नवा तास वरून आला आणि मुख्याध्यापिकाबाईंनी वेळापत्रकावरून बोट फिरवलं तेव्हा बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर मी मोकळा सापडलो. हा विषय संगणकाच्या बाईंनी घ्यावा असं मी नम्रपणे सुचवलं. त्यावर मोठ्या बाई म्हणाल्या की संगणकाच्या बाई यंत्र शिकवतात. जबाबदारी शिकवायला जरा वयस्क माणूस बरा. ‘वयस्क’ हा शब्द त्यांनी ज्या सहजतेने वापरला ती मी अजून विसरलेलो नाही.

आमच्या इमारतीत ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर पोचली. शेजारी एक निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांच्या मते मुलांना आधी वीज म्हणजे काय ते समजावून सांगावं, जबाबदारी आपोआप येते. त्यांनी मला जिन्यातच वीज समजावून सांगायला घेतली आणि माझ्या हातातली भाजीची पिशवी गळून पडेपर्यंत ते ट्रान्सफॉर्मरवर पोचले होते. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाईंनी घाबरवण्याचा सल्ला दिला. त्यांच्याकडे किडलेल्या दातांचं मोठं चित्र लावल्यापासून पोरं ब्रश करतात म्हणे. समोरच्या विमा एजंटाने साठ नियमांची छापील यादीच आणून दिली. त्यातला एकोणिसावा नियम मोबाइल उशाशी ठेवू नये असा होता आणि तो देताना त्यांचा स्वतःचा मोबाइल शर्टाच्या खिशात वाजत होता. शिकायला बाहेरगावी असलेल्या माझ्या मुलीला मी फोनवर सांगितलं तेव्हा ती फक्त “बाबा, तुम्ही?” एवढंच म्हणाली आणि मग बराच वेळ हसली.

कामाचं बोलली ती बायकोच. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. ती म्हणाली, “अहो, साठ कशाला? एकच सांगा. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही. आम्ही सही घेतल्याशिवाय रक्ताचा थेंब काढत नाही, तशीच चेहऱ्यालाही सही.” मला ते पटलं. शिवाय एकच नियम असला की तयारी कमी करावी लागते.

बुधवारी मी फळ्यावर चार प्रश्न लिहिले. फोटो कोण काढतंय, कशासाठी काढतंय, तो कुठे जाणार आणि कधी पुसणार. चारही उत्तरं मिळाली तरच हो म्हणायचं, आणि नाही म्हणायचं असेल तर कारण द्यावं लागत नाही. हे शेवटचं वाक्य लिहून मी त्याखाली रेघसुद्धा मारली. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. मुलं उतरवून घेतात तेव्हा विषय संपला असं मी धरून चालतो.

विषय संपला नाही. गुरुवारी खेळाचे सर धावण्याच्या शर्यतीत पहिला आलेल्या मुलाचा फोटो काढायला गेले, तर त्या पोराने धापा टाकतच चार प्रश्न विचारले आणि चौथ्याचं उत्तर न आल्यामुळे तो पाणी प्यायला निघून गेला. शनिवारी एका विद्यार्थ्याच्या आईचा फोन आला. घरी आजीचा वाढदिवस होता आणि चिरंजीवांनी आजीला, फोटो काढलेला चालेल का, असं विचारलं. बहात्तर वर्षांत आजीला असं कुणी काही विचारलं नव्हतं. तिने थोडा विचार केला, नाही म्हणाली आणि त्या दिवसापासून ती जेवण, पाहुणे, टीव्ही सगळ्यालाच नाही म्हणत सुटली आहे, अशी त्या माउलीची तक्रार होती. मी तोंडाने दिलगिरी व्यक्त केली. मनातून मात्र मला इतका आनंद झाला होता की मी दोन दिवस शाळेत ताठ मानेने हिंडत होतो.

सोमवारी शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं. पत्रावरची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती आणि मुदत त्याच शुक्रवारी पाच वाजेपर्यंतची. ‘तंत्रज्ञानाचा जबाबदार वापर’ हा तास खरोखर झाल्याचा पुरावा म्हणून वर्गाची पाच छायाचित्रं संकेतस्थळावर चढवायची होती. मुलांचे चेहरे स्पष्ट दिसले पाहिजेत, आणि चेहऱ्यांची संख्या त्या दिवशीच्या हजेरीशी जुळली पाहिजे. थोडक्यात, आपले फोटो कुठेही जाऊ देऊ नयेत हे मुलं शिकली, हे सिद्ध करण्यासाठी त्यांचे फोटो पाठवायचे होते. मी ते पत्र तीनदा वाचलं. पत्र लिहिणाऱ्याने ते एकदाही वाचलं नसावं.

पुरावा आला नाही तर शाळेचं नाव यादीत लाल रंगात येणार होतं, आणि लाल शाळांच्या मुख्याध्यापकांना सभेत सगळ्यांसमोर उभं करून जाब विचारतात. आमच्या मोठ्या बाई तीन महिन्यांनी निवृत्त होणार होत्या. एकतीस वर्षांत त्यांच्या शाळेच्या नावाला कधी लाल शाई लागली नव्हती. त्या मला एवढंच म्हणाल्या, “सर, जाता जाता नको हो.” त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मंगळवारी मोबाइल घेऊन मी आठवीत शिरलो आणि एक्केचाळीस हात वर झाले. कोण आणि कशासाठी, ही उत्तरं मी दिली. कुठे जाणार आणि कधी पुसणार, यावर मी अडकलो. आपणच काढलेल्या पेपरात आपण नापास होणं काय असतं ते त्या दिवशी कळलं. विचारून सांगतो, असं म्हणून मी बाहेर आलो आणि शिक्षण कार्यालयाच्या मदतवाहिनीला फोन लावला. चाळीस मिनिटं मी संगीत ऐकलं. मग एक गृहस्थ आले. फोटो कुठे जातात, असं मी विचारलं.

“वर जातात.”

“वर म्हणजे कुठे?”

“वर म्हणजे वर, सर. आमच्याही वर.”

“आणि पुसतात कधी?”

ते अतिशय प्रामाणिकपणे म्हणाले की बारा वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच आला आहे आणि त्यांच्या माहितीप्रमाणे तिथे आजवर काहीही पुसलेलं नाही.

बुधवारी मी मागच्या भिंतीशी उभं राहून मुलांचा पाठमोरा फोटो काढला. संकेतस्थळाने ‘आढळलेले चेहरे : शून्य’ असं उत्तर दिलं. मग प्रयोग म्हणून मी रिकाम्या वर्गाचा समोरून काढलेला फोटो चढवून पाहिला, तर ‘आढळलेले चेहरे : तीन’. मी वर्गात वळून वळून पाहिलं. मागच्या भिंतीवर तीन गणितज्ञांच्या तसबिरी होत्या. रिकाम्या वर्गात यंत्राला तेवढेच विद्यार्थी दिसत होते. शिपायाकडून शिडी मागवून मी त्या उतरवल्या आणि उतरवताना मधल्या गणितज्ञाच्या काचेला तडा गेला. त्याबद्दल मला स्वतंत्र लेखी खुलासा द्यावा लागला, पण ती हकीकत पुन्हा कधीतरी दुसऱ्या कुणाला रडवायला ठेवतो.

शेवटी मी मुलांना खरं ते सांगितलं. कुठे जाणार, नक्की माहीत नाही. कधी पुसणार, बहुतेक कधीच नाही. आणि नाही पाठवला तर मोठ्या बाईंना उभं राहावं लागेल. मुलांनी दोन तास आपसात चर्चा केली. इतिहासाच्या तासाला यातलं एकही पोर कधी इतकं बोललेलं नाही. मग त्यांनी ठरवलं की बाईंसाठी फोटो द्यायचा, पण पाठवण्याआधी प्रत्येकाने तो बघायचा. माझ्या टेबलावर सह्या केलेल्या चिठ्ठ्या जमा झाल्या. चाळीस चिठ्ठ्यांवर ‘हो’ होतं. एक्केचाळिसावीवर ‘नाही’ असं लिहून पुढे पूर्णविराम दिला होता. ती तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसणाऱ्या, फारसं न बोलणाऱ्या मुलीची होती.

शिक्षकांच्या खोलीत सल्ल्यांना ऊत आला. खेळाचे सर म्हणाले, जरा आवाज चढवा, देईल. कारकुनाने तिला त्या दिवशी गैरहजर दाखवायचा तोडगा काढला, पण ती तर समोर बसलेली होती. चित्रकलेच्या सरांची कल्पना सगळ्यात नामी होती. मुलीला फोटोपुरतं बाहेर बसवावं आणि एक गणितज्ञ परत भिंतीवर चढवावा, चेहरे बरोबर एक्केचाळीस. मला ती कल्पना मनापासून आवडली आणि मी ती मोठ्या बाईंकडे घेऊन गेलो. बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, “जबाबदारीच्या तासाचा पुरावा द्यायला मी एका मेलेल्या माणसाला आठवीत बसवणार नाही. तुम्ही तिच्याशी बोला. जबरदस्ती करू नका, फक्त बोला.”

गुरुवारी मी तिला नकाशांच्या खोलीत बोलावलं. दार उघडं ठेवलं, खुर्ची दिली. फोटोची भीती वाटते का, असं मी विचारलं.

“नाही, सर.”

“मग?”

“तुम्हीच सांगितलंत ना, कारण द्यावं लागत नाही म्हणून.”

ते मीच सांगितलं होतं, खाली रेघ मारून. मी म्हणालो, कारण नको देऊस. पण दिलंस तर मला बाईंपुढे तुझी बाजू मांडता येईल. हे मी खोटं बोललो. कारण कळलं की ते खोडून काढता येतं, या अनुभवावर मी बोलत होतो. तिने खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे.

“सर, ते झोपलेल्या मुलीचं स्टिकर आहे ना? तोंड उघडं असलेलं. ती मी आहे.”

ते स्टिकर मला माहीत होतं. आमच्या भागात ज्याच्याकडे मोबाइल आहे त्या प्रत्येकाला ते माहीत होतं. बाकावर गाल टेकून, तोंड उघडं टाकून झोपलेली एक मुलगी, डोक्यावर कुणीतरी चिकटवलेली गोंड्याची टोपी आणि खाली ‘मीटिंग चालू आहे’ अशी अक्षरं. शिक्षकांच्या गटावर एखादी लांबलचक सूचना आली की मी ते टाकत असे आणि सगळे हसत. माझ्या विनोदबुद्धीचं शिक्षकांत जे काही नाव आहे त्यात निम्मा वाटा त्या स्टिकरचा होता. ती कुठलीतरी अशीच, जगात कुठेतरी असलेली मुलगी आहे, असं मी धरून चाललो होतो. आणि ती रोज माझ्या तिसऱ्या बाकावर बसत होती.

मला संताप आला. फोटो काढला कुणी, असं मी विचारलं. तो जो कुणी असेल त्याला मी शाळेत बोलावून घेणार होतो.

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, “सातवीत, नकाशे रंगवायच्या तासाला. तुम्ही काढला होतात, सर.”

मला आठवलं. ‘आमचे कष्टाळू विद्यार्थी’ असं लिहून मी तो पालकांच्या गटावर टाकला होता. पुढे कुणी त्यातून तिला कापून काढलं, कुणी टोपी घातली, कोण जाणे. त्या दिवशी तिला ताप होता. चौघींनी मिळून रंगवायचा नकाशा तिच्याकडे होता म्हणून ती तशीच शाळेत आली होती. आता मामाकडे गेली तरी मामेभाऊ तिला तेच दाखवतो. त्याला ती कोण हे माहीत आहे. इतरांना माहीत नाही, एवढंच तिचं सुख. तेव्हाच का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं आणि विचारताक्षणीच मला उत्तर कळलं. ती म्हणाली, “कुणाला सांगणार, सर? तुम्हीच टाकला होतात.”

मी माफी मागितली. शिक्षकाला याचा सराव नसतो. मी आधी ‘चूक झाली’ म्हणालो, मग ‘अनवधानाने’ म्हणालो, आणि मग तो शब्द मागे घेतला. कारण फोटो काढताना मी तिला पाहिलं होतं. ती तशी झोपलेली मला गंमतशीर वाटली होती, म्हणून तर मी दोन पावलं डावीकडे सरकून तो काढला होता. हे मी तिला सांगितलं. सांगताना मला फार लाज वाटली. (ही हकीकत मी तिला विचारून लिहितो आहे. तिने गाळायला सांगितलेल्या दोन गोष्टी गाळल्या आहेत.)

तिने एकच विचारलं, “तुम्ही ते किती जणांना पाठवलंत?”

मी म्हणालो, मोजून सांगतो.

शुक्रवारी साडेचार वाजता मी मोठ्या बाईंसमोर उभा राहिलो. नाव न घेता, होतं तसं सगळं सांगितलं. बाईंनी पर्समधून आपला मोबाइल काढला, थोडा वेळ वर-खाली केला आणि पडदा माझ्याकडे वळवला. “हेच का?” तेच होतं, त्यांना त्यांच्या बहिणीने पाठवलं होतं. त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. मग त्यांनी संकेतस्थळ उघडलं. फोटोंच्या पाचही चौकटी रिकाम्या ठेवल्या आणि शेऱ्याच्या जागी एका एका बोटाने टाइप केलं, ‘एका विद्यार्थिनीने संमती दिली नाही. उपक्रम यशस्वी झाला.’ पाचला पाच मिनिटं असताना आमच्या शाळेचं नाव लाल झालं. पुढच्या आठवड्यात बाई सभेत उभ्या राहून आल्या. तिथे काय बोलणी खाल्ली ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. चहा गार होता, एवढंच म्हणाल्या.

माझी मोजणी तेवीसवर थांबली. शिक्षक, शेजारी, नातेवाईक मिळून तेवीस माणसांना मी त्या मुलीचं तोंड पाठवलं होतं. शनिवार-रविवार मी एकेकाला फोन केले. बरेच जण लगेच पुसतो म्हणाले. निवृत्त इंजिनिअरांनी पुसलेली गोष्ट प्रत्यक्षात कशी पुसली जात नाही ते मला अर्धा तास समजावलं. मला ते ऐकवत नव्हतं. मेहुणा म्हणाला, नेमकं कुठलं ते? मी त्याला ओळखीसाठी ते पाठवणार, एवढ्यात बायकोने माझा हात धरला. तेव्हापासून ज्यांच्या लक्षात येत नव्हतं त्यांच्या घरी मी जातीने गेलो, माझ्या मोबाइलवर स्टिकर दाखवलं आणि माझ्यासमोर पुसायला लावलं. दंतवैद्यबाईंनी विचारलं की एवढं काय आहे त्यात. मी म्हणालो, माझी विद्यार्थिनी आहे. त्यांनी हातातलं काम टाकून आधी ते पुसलं.

सोमवारी मी तिला यादी दिली. तेवीस जण, प्रत्येकापुढे खूण. या तेवीस जणांनी पुढे किती जणांना पाठवलं ते मला कळणार नाही, तेही मी खाली लिहिलं होतं. तिने सावकाश वाचलं. बोट एकेका ओळीवरून खाली नेलं आणि शेवटी थांबवलं.

“सर, यात तुम्ही नाही.”

मी म्हणालो की मी तर पाठवणारा.

“तुमच्यातलं पुसलं का?”

पुसलं नव्हतं. लोकांना कुठलं ते दाखवायला लागत होतं म्हणून मी ते जपून ठेवलं होतं, आणि दोन दिवस वणवण करताना ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी घाईघाईने मोबाइल काढला. एके ठिकाणी दाबलं तर तिचा चेहरा पडदाभर झाला. दुसरीकडे दाबलं तर हे आवडत्यात घालू का, असं यंत्राने विचारलं. तिसऱ्या वेळी ते शिक्षकांच्या गटावर जाता जाता राहिलं. तिचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला.

“मी हात लावू का, सर, तुमच्या मोबाइलला?”

मी तिला कधी असं विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो आणि मोबाइल तिच्या हातात दिला.